दोनदा बाहेर गेलेला चषक

१

शनिवारी सकाळी रांजणवस्तीच्या चर्चमध्ये फादर कल्याण दुशिंग यांनी चषकाची पेटी उघडली आणि ती रिकामी निघाली.

रांजणवस्ती हे कोल्हारपासून आत, कालव्याच्या कडेला वसलेलं लहान गाव. निम्मी घरं ख्रिस्ती, निम्मी हिंदू. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, मिस्सेला, चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येणार होते आणि गावातली मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणार होती. अशा मोठ्या दिवशीच तो चषक वेदीवर येई. चांदीचा, आतून सोन्याचा मुलामा दिलेला. मिस्सेत द्राक्षारस याच चषकात ओततात आणि श्रद्धावंतांच्या लेखी तो प्रभूचं रक्त होतो. त्यामुळे फादरांशिवाय त्याला उघड्या हाताने कुणी शिवत नसे. म्हाताऱ्या बायका तर तो नुसता कपाटातून निघताना दिसला तरी डोक्यावर पदर घेत.

वेदीमागच्या खोलीचं, साक्रिस्तीचं, कुलूप शाबूत होतं. खिडकीचे गज शाबूत होते. चषकाबरोबरची मुलाम्याची तबकडीसुद्धा कपाटात जागच्या जागी होती. फक्त चषक नव्हता.

वेदीची व्यवस्था पाहणाऱ्या विजयमाला पारखे इस्त्रीचे कपडे घेऊन आत आल्या. रिकामी पेटी त्यांनी पाहिली आणि कपड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. 

"इतक्यात कुणाला बोलू नका," फादर म्हणाले.

पण दार उघडं होतं आणि बाहेर अंगण झाडणाऱ्या बायका होत्या. न्याहारीच्या आत गाव चर्चच्या आवारात जमलं. चर्च समितीचे प्रमुख आबासाहेब तोरणे पुढे झाले. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं आणि एकदा भिंतीला लावलेल्या शिडीकडे. शिडीवर मच्छिंद्र पेंटर उभा होता. कोल्हारचा माणूस. तीन आठवड्यांपासून तो चर्चला रंग देत होता.

"गुरुवारी साक्रिस्तीची चावी कुणाकडं हुती?" आबासाहेबांनी विचारलं.

"माझ्याकडं," मच्छिंद्र वरूनच म्हणाला. "कपाट रंगवायचं हुतं ना."

"आन काल का आला न्हाईस?"

उत्तराची वाट न बघता दोन पोरांनी शिडी हलवली. मच्छिंद्र कसाबसा उतरू लागला, तसं त्यांनी त्याला ओढून मातीत पाडलं. कुणी त्याच्या मोटारसायकलची चावी काढून घेतली, कुणी डबे-ब्रश ओढून बाजूला टाकले.

"ऊन उतरलं की याला घिऊन पोलीस ठाण्यात जायचं," आबासाहेबांनी जाहीर केलं.

"आणि तिथे काय सांगायचं?"

गर्दी बाजूला झाली. मागे सत्यशीला पगारे उभ्या होत्या. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या, साठीच्या, बुटक्या, पायात कायम कापडी बूट. नोकरीत असताना त्यांनी हातात घेतलेली गोष्ट कधी अर्धवट सोडली नव्हती, आणि या सवयीपायी वरिष्ठांशी त्यांचं फारसं पटलं नव्हतं.

"सांगायचं, चोर सापडला," आबासाहेब म्हणाले.

"चषक सापडला का?"

"त्यो पोलीस काढतील याच्याकडनं."

"कसा काढतात ते मला ठाऊक आहे," सत्यशीला म्हणाल्या. "ऊन उतरेपर्यंत थांबा. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. लावला तर पहिली तक्रार मी करीन, आणि ती तुमच्यावर असेल."

२

मच्छिंद्रला चर्चच्या आवारातल्या शाळेच्या व्हरांड्यात बसवलं होतं. हातावरचा रंग तो नखाने खरवडत होता.

"म्याडम, आमी देवळं रंगवतो, दर्गे रंगवतो. आजवर देवाच्या घरातली सुई बी उचलली न्हाई."

"ते नंतर. गुरुवारचं सांग. सगळं, क्रमाने."

"गुरवारी कपाट घेतलं. मोतिया रंगाचा हात मारला. त्यो रंग फक्त कपाटालाच हाय, बाकी सगळ्या भिती पांढऱ्या. सगळ्यात शेवटी चौकट केली. कपाटाचं दार उघडंच ठिवलं, लोटलं असतं तर चिकटलं असतं. मग खोलीला कुलूप लावलं, चावी विजूबाईंना दिली आन गेलो. म्हनलं बी त्यांना, आत गेलात तर चौकटीला लागू नका, लई वल्ली हाय."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी वाळायला नको का? म्हून न्हाई आलो. चोरी केली असती तर आज परत आलो असतो व्हय?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली बसला. "मघाशी पंकजाचा, म्हंजी बायकूचा, फोन आल्ता. सोमवारपास्नं शेजारच्या गावात देवळाचं काम हुतं. ट्रस्टींनी निरोप धाडला, येऊ नका म्हनून. यवढ्यात तिथवर पोचलं बी."

 सत्यशीला उठल्या, तसा तो मागून म्हणाला, "एक सांगू का? सकाळी मी दुसरा हात मारायला कपाटाजवळ गेल्तो. चौकटीचा रंग फरफटलाय. कुनीतरी वल्ल्या रंगावरनं काय तरी वढलंय. माझंच काम नासवलं, आन चोर बी मीच."

सत्यशीला साक्रिस्तीत गेल्या. खिडकी उघडून उजेड घेतला. चौकटीच्या उजव्या कडेला, कमरेच्या उंचीवर, रंग खरंच फरफटला होता. गुळगुळीत मोतिया पृष्ठभागावर एक खरबरीत ओरखडा, आणि तो आता कडक वाळला होता.

त्यांनी चष्मा लावून नाक जवळ नेलं. वाळलेल्या रंगात बारीक धागे रुतून बसले होते. मखमलीची लव असते तसे.

धागे जांभळे होते.

 मच्छिंद्रच्या चिंध्या त्यांनी पाहिल्या होत्या, सगळ्या जुन्या बनियनच्या, पांढऱ्या. जांभळी मखमल या चर्चमध्ये एकच होती. प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवसांत मूर्ती झाकायला ती वर्षातून एकदा निघे. आता ऑक्टोबर चालू होता. ती मखमल ट्रंकेत तळाशी असायला हवी होती, आणि ती ट्रंक साक्रिस्तीत नसून चर्चमागच्या एका खोलीत होती.

विजयमालाच्या खोलीत.

३

कुणाही नवशिक्याने त्या क्षणी विजयमालाचं दार ठोठावलं असतं. सत्यशीला तसं करणार नव्हत्या. विजयमालाला त्या लहानपणापासून ओळखत. नवरा गेल्यापासून ती बाई चर्चच्या मागे राहून वेदीचे कपडे धूत होती आणि चषक उचलायचा झाला तर हातात रुमाल घेऊनच उचलत होती. तिने तो चोरावा, यात काहीतरी गाळलेलं होतं. ते गाळलेलं आधी हवं होतं.

त्यांनी चषकाची पेटी उघडली. लाकडी पेटी, आत हिरवं मखमली अस्तर, त्यात चषक आडवा निजेल असा खोलगट आकार. त्या खोलगट जागेत मुंग्या फिरत होत्या.

दारात फादर कल्याण येऊन उभे राहिले. पस्तिशीचा माणूस, दोन वर्षांपूर्वी इथे आलेला. गाणी बसवायचा, मुलांना क्रिकेट शिकवायचा. आज त्यांचा चेहरा उतरला होता.

"फादर, हा चषक शेवटचा कधी वापरला?"

"ऑगस्टमध्ये. मरियामातेच्या सणाला."

"मग धुऊन कुणी ठेवला?"

"विजयमालाताईंनी. नेहमी त्याच ठेवतात."

"विजयमालाने धुतलेलं भांडं दोन महिने पेटीत पडून राहिलं. आणि आज त्या पेटीत मुंग्या." सत्यशीलांनी अस्तरावर बोट टेकवलं. जिथे चषकाची कड टेकत असे तिथे मखमल चिकट, लालसर झाली होती. त्यांनी बोट नाकाशी नेलं. "द्राक्षारसाला गुलाबाचा वास येतो का हो?"

फादरांनी मागचं दार लोटून घेतलं.

"येत नाही. हे सरबत आहे. चषकात कुणीतरी सरबत ओतलं, आणि न धुता तो इथे ठेवला."

"सत्यशीलाताई," फादर हळूच म्हणाले, "तपास राहू द्या. महागुरुस्वामींना काय सांगायचं ते मी बघतो. उद्या रोजचा चषक वापरू. मच्छिंद्रवर तक्रार करू नका असंही मी आबासाहेबांना सांगेन."

"म्हणजे तो सुटेल?"

"सुटेल."

"नाही फादर. तक्रार केली नाही, तर लोक म्हणतील फादरांनी दया केली म्हणून चोर सुटला. तो जन्मभर चोरच राहील. त्याचं एक काम आत्ताच गेलंय." त्यांनी पेटी बंद केली. "मी तपास सोडणार नाही. तुम्हाला सांगून जाते, मागे लपूनछपून केला असं नको."

त्या बाहेर पडल्या तेव्हा एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. ज्याने चषक न धुता ठेवला आणि ज्याने तो मखमलीत गुंडाळून नेला, ती दोन वेगळी माणसं होती. एकाला चषकाची किंमत कळली नव्हती. दुसऱ्याला ती फार जास्त कळली होती. चषक साक्रिस्तीतून एकदा नाही, दोनदा बाहेर गेला होता.

आणि सरबत असं रोज कुणी कुठे करत नव्हतं.

४

फाट्यावर लंकाबाईचं चहाचं दुकान होतं. पुढे पत्र्याचं छत, मागे उसाचं शेत. लंकाबाई गावातल्या हिंदू वस्तीतली, सगळ्या गावाची खबर ठेवणारी.

"या हवालदारबाई," ती म्हणाली. निवृत्त होऊनही सत्यशीला तिच्या लेखी हवालदारच होत्या. "सापडला का पेला?"

"सापडेल. लंकाबाई, गुलाबाचं सरबत कुणी केलं होतं का इतक्यात? लग्न, साखरपुडा, काही?"

"लग्न कुठलं आता? सरबत म्या केलं की. पातेलंभर."

"कुणासाठी?"

"शूटिंगवाल्यांसाठी! कालव्यावरच्या जुन्या इंग्रजी बंगल्यात न्हाई का मंगळवार-बुधवार शूटिंग हुतं. चहाचं कामच माझ्याकडं. मग म्हनले, मावशी, लालभडक सरबत करून द्या, दारू म्हनून दाखवायचीय."

सत्यशीलांनी चहाचा कप खाली ठेवला. "दारू कशातून पीत होते?"

"आता कसं सांगू तुमाला! चांगला चकचकीत पेला, ह्यो यवढा उंच. त्यो राजा झालेला गडी एक घोट प्यायचा आन उरल्यालं नाचनारीच्या अंगावर वतायचा. सारखं सारखं तेच. एकदा पेला हातनं सुटला बी, खाली गवतात पडला. समदी हसली." लंकाबाई एकदम थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "अगं बया. त्यो तुमच्या पूजेचा पेला हुता?"

सत्यशीलांनी मानेने हो म्हटलं.

लंकाबाईने दोन्ही हात कानाला लावले. "मला काय ठावं! कळलं असतं तर त्यात सरबत वतू दिलं असतं का? माझ्याच हातचं की गं ते."

"तुमची काही चूक नाही. पेला तिथे कुणी आणला?"

 लंकाबाईने स्टोव्हची वात कमी केली, परत वाढवली.

"लंकाबाई, तिकडे एका गरिबाला चोर ठरवलाय."

"फादर आल्ते," ती अखेर म्हणाली. "गाडीवर. पिशवीतनं पेला काढून दिला आन लगीच गेले, शूटिंग बघाया थांबले न्हाईत. बुधवारी सांच्याला येऊन परत घिऊन गेले. पन माझं नाव सांगू नका. चांगला मानूस हाय त्यो. माझ्या नातवाला दवाखान्यात त्यांनीच नेलं हुतं."

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुनाला न्हाई." मग तिला आठवलं. "व्हय, गुरवारी गिरनीत विजूबाई भेटल्या. त्यांच्यापाशी सहज बोलले, कसं नाचत हुते, पेला कसा हुता. त्या दळन तिथंच टाकून निघून गेल्या बघा. मला वाटलं, बरं वाटत नसंल."

५

ऊन डोक्यावरून ढळलं होतं. सत्यशीला परत आल्या त्या सरळ चर्चमध्ये. आत कुणी नव्हतं. नव्या रंगाचा वास होता.

विजयमालाने चषक नेला, गुरुवारी संध्याकाळी, रंग ओला असताना. हे आता ठरलं होतं. पण कुठे? घरी नेला नसता. ज्या वस्तूला ती हात लावायला धजत नाही, ती आपल्या भांड्यांच्या फळीवर कशी ठेवेल? विहिरीत, मातीत टाकायचा तर प्रश्नच नव्हता.

मखमलीने चौकटीचा रंग उचलला होता. मग ती मखमल जिथे जिथे टेकली असेल तिथे तो मोतिया रंग थोडाफार उतरला असणार. आणि बाकी चर्चभर पांढराच रंग होता.

सत्यशीला वेदीपासून दारापर्यंत एकेक बाक बघत गेल्या. कबुलीजबाबाची खुर्ची पाहिली, बाप्तिस्म्याचं कुंड पाहिलं. काही नाही. मग माळ्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याकडे वळल्या. कठड्याच्या वळणावर, जिथे दोन्ही हातांत काही धरून चढणाऱ्या माणसाचा कोपर भिंतीकडे आणि ओझं कठड्याकडे येतं, तिथे एक मोतिया ठिपका होता. वाळलेला.

माळ्यावर जुनी बाकं, मोडकी पेटी-बाजा, नाताळच्या गोठ्याचं सामान, आणि भिंतीशी ती लांब लाकडी शवपेटी. गुड फ्रायडेला क्रुसावरून उतरवलेल्या प्रभूची मूर्ती याच पेटीत निजवून गावातून नेतात. सगळ्या सामानावर धूळ होती. शवपेटीचं झाकण मात्र पुसलेलं होतं.

सत्यशीलांनी क्रुसाची खूण केली आणि झाकण उचललं. मूर्तीच्या पायांशी जांभळ्या मखमलीत काहीतरी उभट गुंडाळून ठेवलं होतं.

"हात लावू नकोस, सत्यशीला."

जिन्याच्या तोंडाशी विजयमाला उभी होती.

"नाही लावत," सत्यशीला म्हणाल्या. "तूच काढ. पण आधी बस इथे."

विजयमाला बसली नाही. "मी चोरी केली न्हाई."

"माहीत आहे. तू लंकाबाईकडून ऐकलंस."

"गिरणीत पाय लटलट कापायला लागले गं माझे. तिथनं सरळ साक्रिस्तीत आले, पेटी उघडली. चषक आतून चिकट, कडेला गवताची काडी. नाचणारीच्या अंगावर ओतलेलं सरबत, आणि उद्या त्याच्यातच प्रभूचं रक्त? आपली पोरं पहिल्यांदा वेदीपाशी येणार, त्या दिवशी? मी धुतला, पुसला. पण धुऊन काय होतं? तो परत वेदीवर जाण्याच्या लायक करणं माझ्या हातात न्हाई. म्हणून इथं आणला. प्रभूला आपण मेल्यावर जिथं ठेवतो तिथं."

"फादरांना का नाही विचारलंस?"

"काय विचारू? ज्यांच्या हातून आपण प्रसाद घेतो त्यांना मी म्हणू, तुम्ही असं केलंत? आणि चारचौघांत बोलले तर गाव त्यांना फाडून खाईल. मला वाटलं, पेटी रिकामी दिसली की ते आपणहून बोलतील. सकाळपासनं त्यांच्या तोंडाकडं बघतेय मी."

"ते बोलले नाहीत. आणि मच्छिंद्रला शिडीवरून ओढला. तेव्हा तू कुठे होतीस?"

विजयमालाने मान खाली घातली. "साक्रिस्तीत. मी प्रार्थना केली. देवाला सांगितलं, त्या माणसाला काही होऊ देऊ नकोस."

"देवाला सांगितलंस. आबासाहेबांना का नाही सांगितलंस? ते दहा पावलांवर होते."

खाली आवारात माणसं जमत असल्याचे आवाज येऊ लागले. मोटारसायकली सुरू झाल्या.

"विजू, चषक गवतात पडला तर तुझे पाय कापले. तो माणूस मातीत पडला, त्यालाही देवानंच घडवलंय ना? त्याला उचलायला तू बाहेर आली नाहीस." सत्यशीलांचा आवाज कडक होता, पण त्यांनी हात पुढे केला. "चल. फादरांचं नाव मी घेणार नाही, तूही घेऊ नकोस. तुझं मात्र तू सांगायचंस. आत्ता, ते निघायच्या आत."

विजयमालाने पदर डोक्यावर घेतला, वाकली आणि मखमलीतला चषक दोन्ही हातांनी उचलला.

६

मच्छिंद्रला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवत होते, तेवढ्यात विजयमाला चषक घेऊन आवारात आली. गाड्या बंद झाल्या. आबासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"हा मी नेला होता," विजयमाला म्हणाली. मागे ऐकू गेलं नाही, म्हणून तिने परत एकदा सांगितलं. "मच्छिंद्रभाऊंनी न्हाई. मी."

गलका झाला. आबासाहेब सर्वांत मोठ्याने ओरडले, "तुमी? का?"

"आता माझं ऐका," सत्यशीला पुढे आल्या. "सगळे ऐका, कारण सकाळी सगळ्यांनीच याला चोर म्हटलं. चौकटीच्या वाळलेल्या रंगात जांभळे धागे आहेत. म्हणजे चषक बाहेर निघाला तो रंग ओला असताना, मखमलीत गुंडाळून. आपणच लावलेल्या रंगावरून कापड फरफटवणारा रंगारी तुम्ही पाहिलाय का? त्याने मला विचारायच्या आधी स्वतःहून तो डाग सांगितला. मखमल विजयमालाच्या ट्रंकेतली. तिने चषक घरी नेला नाही, विकला नाही. प्रभूच्या शवपेटीत ठेवला. का? तर त्याआधी चषक एकदा बाहेर जाऊन आला होता. पेटीत मुंग्या आहेत, जाऊन बघा. चषकात सरबत ओतलं गेलं आणि न धुता तो परत ठेवला गेला."

"कुनी नेला आधी?" कुणीतरी विचारलं.

"ते मला माहीत आहे."

"मग सांगा की!"

"नाही. ज्याने नेला त्याने सांगायचं. मी इथेच थांबलेय."

आणि त्या खरोखरच थांबल्या. हाताची घडी घालून, कुणाकडेही न बघता.  मच्छिंद्र अजून मोटारसायकलवर दोन पोरांच्या मध्ये अडकून बसला होता. त्याला उतरू द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

फादर कल्याण व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे होते. ते पायऱ्या उतरून खाली आले, गर्दीतून वाट काढत मोटारसायकलपाशी गेले आणि मच्छिंद्रच्या दंडाला धरून त्याला खाली उतरवलं.

"मी नेला," ते म्हणाले.

आबासाहेबांच्या हातातली टोपी खाली पडली.

"शूटिंगवाले म्हणाले, जुन्या काळातल्या मिस्सेचा प्रसंग आहे. मला वाटलं, आपलं हे कोपऱ्यातलं चर्च, हा चषक, कुणालातरी दिसेल. मोह झाला. विचारायला हवं होतं महागुरुस्वामींना, तुम्हाला. विचारलं नाही. परत घेताना चषक चिकट लागला, तेव्हाच कळलं की मिस्सा नव्हती. लाज वाटली, म्हणून बघितलंही नाही, पेटीत टाकून दिला. उद्या तोच वेदीवर ठेवायचा की नाही, तीन दिवस मी ठरवत होतो. सकाळी पेटी रिकामी दिसली तेव्हा..." ते अडखळले. "तेव्हा मला एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर या माणसाला शिडीवरून ओढताना मी दारातून पाहिलं. एका वाक्यात थांबवता आलं असतं."

 मच्छिंद्रने फादरांच्या हातातून दंड सोडवून घेतला. गाडीची चावी मागितली. ती मिळाल्यावर त्याने डबे-ब्रश गोळा केले, शिडी मात्र तिथेच ठेवली आणि तो निघून गेला.

"उद्या मिस्सेनंतर त्यांना इथे बोलावतो," फादर म्हणाले. "वेदीपुढे सगळ्यांसमक्ष माफी मागतो."

"त्याला इथे कशाला बोलवायचं?" सत्यशीला म्हणाल्या. "त्याची बदनामी फक्त या गावात झालेली नाही. आपण जायचं त्याच्याकडे. आणि मिस्सेनंतर नाही, आधी."

७

त्या संध्याकाळी फादरांनी महागुरुस्वामींना फोन करून काही न लपवता सगळं सांगितलं. चषक पुन्हा आशीर्वादित केल्याशिवाय वेदीवर येणार नव्हता, एवढं ठरलं. बाकी पलीकडून काय बोलणं झालं ते फादरांनी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी फादर कल्याण, विजयमाला आणि सत्यशीला कोल्हारात मच्छिंद्रच्या घरी पोचले. आबासाहेबही मागून येतो म्हणाले होते. मग म्हणाले, महागुरुस्वामींच्या स्वागताला कुणीतरी हवं.

दार पंकजाने उघडलं. तिने तिघांना नीट पाहिलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. मागे मच्छिंद्र होता. तो पुढे आला नाही.

फादर बोलले. चूक माझी, तुमचे मालक निर्दोष, मला माफ करा. विजयमालाही बोलली, रडत रडत.

पंकजाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "झालं?"

"हो."

"हितं आमी दोघंच हाय. आमाला ठावंच हाय त्यांनी चोरी केली न्हाई. आमाला सांगून काय उपेग? काल चौकात लोक बोलत हुते. तिथं सांगा."

फादरांनी सत्यशीलांकडे पाहिलं. सत्यशीलांनी पाय चौकाकडे वळवले.

चौकात एस.टी.ची वाट बघणारी माणसं होती, दुधाच्या किटल्या होत्या, ऊसतोडीला आलेल्या टोळीची बायापोरं टेम्पोतून उतरत होती. पांढरा झगा घातलेले फादर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि मोठ्याने बोलले. लोक आधी हसले, मग गप्प झाले. विजयमाला त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही सांगितलं. आता तिला रडू येत नव्हतं. शेजारच्या गावच्या देवळाचे एक ट्रस्टी दुधाला आले होते, पंकजाने त्यांना हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाली, "परत एकदा सांगा. यांना नीट ऐकू आलं नसंल."

फादरांनी परत सांगितलं.

तेवढ्यात सत्यशीलांचा मोबाईल वाजला. आबासाहेब होते.

"ताई, महागुरुस्वामी आलेत. पोरं पांढरे कपडे घालून उन्हात उभी हायेत. फादर कुठं?"

"चौकात आहेत. माफी मागताहेत."

"अजून? किती येळ लागंल?"

"ते पंकजाबाई ठरवतील."

पलीकडे कुजबुज झाली. मग दुसरा आवाज आला, वयस्कर, सावकाश. "मी बोलतोय. मुलांना सावलीत बसवलंय, मीही त्यांच्यात बसतोय. फादरांना सांगा, घाई करू नका."

सत्यशीलांनी निरोप सांगितला. फादरांनी मान हलवली आणि ते पायरीवरून खाली उतरले. मच्छिंद्र आता गर्दीच्या कडेला येऊन उभा होता. फादर त्याच्यासमोर गेले.  मच्छिंद्रने काही तोंडाने माफ केलं नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

"आणखी कुणाला सांगायचं राहिलंय का?" फादरांनी विचारलं.

"आमचे मामा," पंकजा म्हणाली. "गोरक्षनाथ. यांचे वडील. पोराला चोर म्हनल्याचं कानावर आलं, आन काल दुपारपास्नं जेवले न्हाईत. सकाळी उठून शेतावर निघून गेले. त्या तिकडं, पाटाच्या पल्याड."

पाटाला पाणी सुटलेलं होतं. पूल लांब होता. फादरांनी बूट काढून हातात घेतले, झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि ते सरळ पाण्यात उतरले. मागोमाग विजयमाला. मच्छिंद्र क्षणभर काठावर थांबला. मग "तिकडनं न्हाई, तिथं खोल हाय," असं ओरडत तोही उतरला आणि वाट दाखवायला पुढे झाला.

सत्यशीलांचा फोन परत वाजायला लागला. त्यांनी तो वाजू दिला आणि वाकून कापडी बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.